हयातीचा दाखला

“आणि मेलास तर?” आण्णांनी विचारलं.

“मी?”

“तू न्हवं. हा.” आण्णांनी हनुवटीनंच पेटीतल्या बोर्डाकडं दाखवलं. “पण त्याला तोंड न्हाई, तवा त्याच्या वतीनं तूच बोल. चालता चालता मेलास तर काय करशील?”

इंद्रजित हसला. हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊक होतं आणि उत्तर तोंडपाठ होतं. तोंडपाठ कसलं, त्या उत्तरावर त्याचा जीव होता.

“मरताना प्रेस थांबवूनच मरणार, आण्णा.”

“कोण थांबवणार? मेलेला?”

“न्हाई. वॉचडॉग.”

आण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला...

आता हे दोघं कोण आणि भांडण कशावर, ते सांगायला हवं.

कोल्हापूरजवळच्या एका एमआयडीसीतलं हे प्रेस शॉप. पत्र्याची चकती खालच्या डायवर, म्हणजे साच्यावर, ठेवायची, वरची डाय साठ टनाच्या जोरानं खाली येते आणि चकतीचं झाकण होऊन बसतं. मोटारीच्या पंख्यावरचं झाकण. चकती ठेवायला हात आत जातो, झाकण काढायला पुन्हा जातो. हात आत असताना डाय खाली आली तर काय होतं, ते मी सांगत बसत नाही. ज्यानं बघितलंय तो जेवताना आठवत नाही, एवढंच.

म्हणून प्रेसला दोन राखणदार. एक म्हणजे दोन बटणं, लांब लांब बसवलेली. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस चालते, म्हणजे दोन्ही हात बाहेर. दुसरा राखणदार प्रकाशाचा पडदा. डायच्या तोंडासमोर न दिसणारे किरण. त्यात काहीही आडवं आलं की प्रेसनं जिथल्या तिथं थांबायचं.

या राखणदारांचं ऐकून क्लच सोडायचं, म्हणजे हवेच्या दाबानं मोठं फिरतं चाक डायला जोडायचं, काम इतकी वर्षं कपाटभर रिले, म्हणजे विजेचे खटके, करत होते. टक्... टक्... टक्. जिनगोंडा मगदूम, म्हणजे आण्णा, त्यांचा नुसता आवाज ऐकून सांगायचे की सातवा आळसावलाय, बदला. आण्णांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. तरी नवीन वायरिंग झालं की मालक त्यांच्या दारात गाडी पाठवायचे. आण्णांनी ‘हूं’ म्हटल्याशिवाय त्या मशीनवर कुणी कामाला बसायचं नाही, असा तिथला रिवाज. लेखी कुठंच नव्हता. पण मोडायची कुणाची छाती नव्हती.

इंद्रजित शिंत्रे त्यांचाच चेला. डिप्लोमा करून आला तेव्हा टेस्टर उलटा धरत नव्हता, एवढंच त्याच्या बाजूनं बोलता येईल. चार वर्षं आण्णांच्या मागं मागं फिरला, शिव्या खाल्ल्या, आणि खरं सांगायचं तर हात चांगला बसला त्याचा. आता त्यानं ते कपाटभर रिले काढून त्यांच्या जागी तळहाताएवढा एक बोर्ड बसवला होता. एकाच पाटीवर अख्खा कॉम्प्युटर. बटणं तोच बघणार, पडदा तोच बघणार, क्लच तोच सोडणार, झालेले ठोके मोजून आकडा ऑफिसातल्या स्क्रीनवरही तोच पाठवणार. प्रोग्राम इंद्रजितनं स्वतः लिहिलेला, ओळ न् ओळ.

आज आण्णा ‘हूं’ म्हणाले, की उरलेल्या अकरा प्रेसवर हेच बोर्ड बसणार होते. मालकांनी तसा शब्द दिला होता. ते स्वतः येऊन उभे होते, सारखे मनगटावरचं घड्याळ बघत. तीनच्या पाळीला ही प्रेस चालू व्हायची होती.

आणि तीनच्या पाळीला तिच्यावर बसणार होत्या छबूताई नलवडे. अठरा वर्षं याच प्रेसवर. दहाच्या दहा बोटं शाबूत, आणि त्याचा कोण तोरा! लग्नातली अंगठी कामावर बोटात घालता येत नाही म्हणून दोऱ्यात ओवून गळ्यात. त्या खांबाला टेकून शांतपणे बडीशेप चावत होत्या.

“वॉचडॉग म्हंजे?” आण्णांनी विचारलं.

“बोर्डावरच एक वेगळी चिप हाय. प्रोग्रामनं दर अर्ध्या सेकंदाला तिला थाप द्यायची, मी जिवंत हाय म्हणून. थाप आली न्हाई की ती समजणार, हा गेला. लगेच बोर्ड बंद करून क्लचची हवा तोडणार. हवा गेली की ब्रेक लागला. ह्यो हिरवा दिवा बघा, दर थापेला लुकलुकतो.”

“हयातीचा दाखला.”

“आं?”

“मी नोव्हेंबरात बँकेत जाऊन देतो की. जिवंत हाय म्हणून. न्हाई दिला तर पेन्शन बंद.”

मालक हसले. इंद्रजितही हसला. आण्णा हसले नाहीत.

“दाखला कोण देतं?”

“प्रोग्राम.”

“प्रोग्रामातलं कोण?”

“प्रोग्राम म्हंजे प्रोग्राम, आण्णा. त्यात कोण आणि काय...”

“आमच्या गल्लीत एक म्हातारा वारला. तीन वर्षं कागदावर जित्ता हुता. पुतण्या दाखला द्यायचा त्याचा.” आण्णा बोर्डाकडं बघत बोलत होते. “तसं न्हाई न्हवं हितं?”

इंद्रजितला आतनं काहीतरी टोचलं. चपलेत खडा यावा तसं. पण चालत्या माणसाला खड्यासाठी थांबायचा कंटाळा येतो, आणि मालक बघत असताना तर कोण वाकतंय!

“न्हाई,” तो म्हणाला. जरा जोरातच म्हणाला.

“बरं. चालव.”

मोटार चालू झाली. मोठं चाक घरघरायला लागलं. छबूताईंनी दोन्ही बटणं दाबली, वरची डाय निघाली, आणि इंद्रजितनं लाकडी पट्टी पडद्यात घातली. फुस्स! डाय अधांतरी थांबली. पुन्हा दाबली, पुन्हा थांबली. हळू घातली, झटक्यात घातली, खालनं घातली, कडेनं घातली. वीस वेळा. विसाच्या वीस वेळा प्रेस थांबली.

मालकांचा चेहरा खुलला. “काय आण्णा? आता?”

आण्णांनी पट्टी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि परत दिली.

“लाकडाला बोटं नसतात.”

झालं! इंद्रजितची कानशिलं तापली. वीस वेळा! विसाच्या वीस! दुसऱ्या कुणी केलं असतं तर पाठ थोपटली असती म्हाताऱ्यानं. आपला चेला पुढं गेलेला गुरूला बघवत नाही, हेच खरं. रिलेच्या टकटकीत जन्म गेला, आता तळहाताएवढ्या पाटीनं जागा घेतली ते पोटात दुखतंय.

हे सगळं तो मनात म्हणाला. तोंडानं वेगळंच म्हणाला.

“मग माझी बोटं घ्या!”

बाही वर सारून त्यानं उजवा हात पडद्यातनं आत घातला आणि सरळ खालच्या डायवर ठेवला. पंजा पसरून. तेलकट, गार लोखंडावर.

“छबूताई, दाबा बटणं!”

छबूताईंचं चावणं थांबलं. त्यांनी आण्णांकडं बघितलं.

“दाबा म्हणतो न्हवं! माझा हात, माझा प्रोग्राम. कुणाचं काय जातंय?”

कुणी हललं नाही. चाक घरघरत होतं.

“काढ हात,” आण्णा म्हणाले.

“का? इश्वास न्हाई?”

“काढ.”

त्यानं हात काढला. जिंकल्यासारखाच काढला. बघा म्हणावं, भ्यायलोय का!

आण्णा प्रेसच्या मागं गेले. तिकडं काहीतरी चाचपून बघितलं, धोतराच्या सोग्याला हात पुसत परत आले. म्हातारा वेळ काढतोय, असं इंद्रजितला वाटलं.

“तुझा हात नको,” आण्णा म्हणाले. “तू बटणांवर बस. छबूताई, तुम्ही जरा हात ठेवा आत.”

मालक दचकले. “आण्णा, अहो...”

आण्णांनी नुसता तळवा वर केला.

छबूताई मात्र ढिम्म हलल्या नाहीत. म्हणजे घाबरल्या नाहीत. त्यांनी हातमोजा काढला, पदराला पंजा पुसला.

“ठेवते की. त्यात काय एवढं. इंद्रजितनं केलंय म्हटल्यावर बघायला नको.”

आणि ठेवला. देवघरात फूल ठेवावं इतक्या सहज. उजवा पंजा, पालथा, डायच्या बरोब्बर मधोमध. अंगठीच्या बोटावर अठरा वर्षांपूर्वीच्या अंगठीचा पुसट वळ अजून होता.

इंद्रजित बटणांसमोर बसला. दोन्ही हात बटणांवर ठेवले. काळी, गुळगुळीत बटणं. दाबायला फार जोर लागत नाही. तशी त्यानंच निवडली होती, छबूताईंचं मनगट दुखतं म्हणून.

दाबायचं. पडदा अडलेला आहे. प्रोग्राम बघणार, पडदा अडलाय, क्लच सोडायचा नाही. काही होणार नाही.

काही होणार नाही... प्रोग्राम बघत असला तर.

आणि बघत नसला तर?

कसा नसेल? थाप चाललीय की. तो बघ हिरवा दिवा. लुक... लुक... लुक.

थाप कोण देतंय?

मागच्या पंधरवड्यातला गुरुवार त्याच्यासमोर उभा राहिला. आख्खा. चहाच्या कपासकट. बोर्ड सारखा आपोआप बंद होऊन चालू होत होता, दिवसातनं चार-चार वेळा, आणि मालकांचा फोन, ‘झालं का, झालं का’. मग त्यानं दोन ओळी इकडच्या तिकडं केल्या. दोनच ओळी. बोर्ड बंद पडायचा थांबला. वहीत त्यानं लिहिलंसुद्धा होतं, ‘सुटलं’, आणि खाली दोन रेघा मारल्या होत्या.

“दाब की बाबा,” छबूताई म्हणाल्या. “हात अवघडला.”

“इंद्रजित, तीन वाजाय आले,” मालक म्हणाले.

आण्णांनी चष्मा डोळ्यांवर ओढला.

इंद्रजितचे हात बटणांवर होते आणि खाली जात नव्हते. त्यानं जोर लावून बघितला. छे! खांद्यापासनं खाली हात आपले नव्हतेच जणू. घाम भुवईवरनं डोळ्यात गेला. हिरवा दिवा लुकलुकत होता. डायवरचा पंजा हलत नव्हता.

“छबूताई, हात काढा.”

“का रं?”

“काढा म्हणतो न्हवं!” तो ओरडला. सगळं शॉप वळून बघायला लागलं. “काढा! काढा आधी!”

छबूताईंनी हात काढला. इंद्रजितनं मोटार बंद केली आणि तिथंच, बटणांसमोरच्या स्टुलावर, डोकं खाली घालून बसला.

आण्णा त्याच्यापाशी येऊन उभे राहिले.

“थाप प्रोग्राम देत न्हाई,” तो म्हणाला.

“मग?”

“टायमर देतो. बोर्डात तो वेगळा चालतो, घड्याळागत. प्रोग्राम कुठं अडकून पडला तरी टायमर आपला चालूच.” त्याला मान वर करवेना. “ऑफिसात आकडा पाठवताना प्रोग्राम तिकडनं उत्तर यायची वाट बघत थांबायचा. तेवढ्यात थाप चुकायची आणि वॉचडॉग बोर्ड बंद करायचा. मला वाटलं, ह्यो उगाच भुंकतोय. म्हणून थापेचं काम टायमरला दिलं. भुंकणं बंद झालं, मला वाटलं चूक सुटली.”

“म्हंजे पुतण्या.”

इंद्रजितनं मान हलवली.

“हे मला ठाऊक होतं, आण्णा. ठाऊक होतं आणि न्हवतंही.”

“दाखव,” आण्णा म्हणाले.

“आं?”

“तोंडानं सांगितलंस. आता करून दाखव. मालकांना बघू दे.”

मोटार पुन्हा चालू केली. इंद्रजित मागच्या बाजूला हवेचा दाब बघायला गेला. काटा शून्यावर होता. हवेचा कॉक पूर्ण बंद. म्हणजे मघापासनं क्लचला हवाच नव्हती. बटणं शंभरदा दाबली असती तरी डाय तसूभर हलली नसती.

छबूताईंनीही मागनं येऊन बघितलं. कॉक बघितला, काटा बघितला, मग आण्णांकडं बघितलं.

“असं व्हय!” त्यांचा आवाज चढला. “म्हंजे मी जीव मुठीत धरून हात ठेवला आणि हितं हवाच न्हाई? माझ्या हातानं ह्याची परीक्षा घेता व्हय, आण्णा? सांगून घ्यायची की!”

“सांगितलं असतं तर ह्याला तुमच्या तोंडावर दिसलं असतं.” आण्णांनी हात जोडले. खरंच जोडले, वाकून. “चुकलं माझं. माफी करा.”

“माफी करा म्हणे!” छबूताई फणकारल्या, पण जोडलेल्या हातांपुढं त्यांना जास्त बोलवेना. त्या जाऊन मालकांच्या शेजारी उभ्या राहिल्या, पिवळ्या रेघेच्या मागं.

आण्णांनी कॉक उघडला. काटा सरसर वर चढला. मग ते लाल बटणापाशी गेले. ते बटण सरळ तारेनं मोटारीला आणि क्लचच्या हवेला जोडलेलं होतं, बोर्डाला विचारत नव्हतं.

इंद्रजितनं बोर्डातनं ऑफिसकडं जाणारी केबल उपटली आणि दोन्ही बटणं दाबली. डाय निघाली. त्यानं दोन्ही हात बटणांवरनं उचलले.

डाय खाली आली, वर गेली. पुन्हा खाली आली. बटणांवर आता कुणाचाही हात नव्हता. प्रोग्राम ऑफिसच्या उत्तराची वाट बघत बसला होता आणि क्लच तसाच जोडलेला राहून प्रेस आपली ठोके देत सुटली होती. धाड... धाड... धाड.

हिरवा दिवा लुकलुकत होता. अर्ध्या सेकंदाला एकदा, बिनचूक.

इंद्रजितनं लांबनं पट्टी पडद्यात घातली, पार डायपर्यंत. मघाशी वीस वेळा याच पट्टीला प्रेस थांबली होती.

काडकन आवाज आला. पट्टीचा शेंडा उडून पत्र्यावर आपटला. इंद्रजितच्या हातात वीतभर तुकडा राहिला आणि त्याच्या मुठीला झिणझिण्या आल्या.

आण्णांनी लाल बटण मारलं. चाक घरघरत घरघरत मंदावलं.

छबूताईंनी दोन्ही हात पोटाशी धरले होते. मालकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांचा आवाज फुटला तो रागाचाच.

“आता? तीनच्या पाळीचं काय करू मी?”

“आज ही प्रेस चालणार न्हाई, मालक,” इंद्रजित म्हणाला.

“कधी चालणार?”

“आधी पडद्याची तार सरळ हवेच्या व्हॉल्व्हला नेतो. मधी बोर्ड नको. बोर्ड जगू दे न्हाईतर मरू दे, पडदा अडला की हवा तुटलीच पायजे. मग थाप परत प्रोग्रामकडं. पडदा बघून झाला, बटणं बघून झाली, मगच शेवटी थाप. आकडे पाठवणं जमलं तर जमलं. न्हाईतर आकडे वहीत लिवा.”

“आणि अकरा बोर्डांचं?”

इंद्रजितनं हातातल्या तुकड्याकडं बघितलं. “त्याचं आत्ता बोलायला मला तोंड न्हाई.”

मालक काहीतरी पुटपुटले, खांबावर थाप मारली आणि फोन कानाला लावून बाहेर गेले. छबूताई हातमोजे गोळा करून निघाल्या. जाताना इंद्रजितपाशी थांबल्या.

“झालं की बोलव,” त्या म्हणाल्या. “कामाला बोलव. परीक्षेला न्हवं.”

“तुमी बसाल परत? ह्याच्यावर?”

“न बसून? तू ओरडलास न्हवं का.” आणि गेल्या.

इंद्रजित खाली बसून पट्टीच्या ढलप्या गोळा करायला लागला. लाज वाटत होती. इतकी, की आण्णा निघून गेले असते तर बरं झालं असतं. पण म्हातारा स्टुलावर बसून राहिला होता, गुडघे चोळत.

“आण्णा, एक विचारू?”

“हं.”

“मघाशी माझा हात डायवर हुता. तवा हवा चालू हुती, क्लच चालू हुता, सगळं खरं हुतं. छबूताईंनी बटणं दाबली असती तर...” त्यानं हातातली ढलपी खाली ठेवली. “तरी मला काय सुदीक आठवलं न्हाई. टायमर न्हाई, गुरुवार न्हाई, काय न्हाई. एवढा माझा स्वतःचा हात आत असून. आणि त्यांनी नुसता ठेवला तर सगळं धडाधडा... असं कसं?”

आण्णांनी गुडघे चोळायचं थांबवलं.

“तुझा हात आत हुता तवा,” ते म्हणाले, “तू माझ्याकडं बघत हुतास.”